जुनी जपानी गाडी भंगारात घालण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीच्या पुनर्नोंदणीची फी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये झाली. १५ ते २० वर्षांच्या गाडीला ती ५,००० आहे. तेव्हापासून सोलापूरच्या (एमएच-१३) मारुती ८००, झेन, एस्टीम, पहिली होंडा सिटी, टोयोटा क्वालिस या गाड्या किलोच्या भावाने निघताना दिसतात. त्याच वेळी काही तरुण मुले 'जपानहून इंजिन आणून बसवतो' म्हणणाऱ्यांच्या हातात मोठी आगाऊ रक्कम ठेवतात. एकीकडे चांगली गाडी मोडीत जाते आणि दुसरीकडे घरचा पैसा अडकतो. या गाड्यांचे नेमके काय बिघडते आणि ते किती थोडक्यात सुधारते, हे मालकाला कोणी नीट सांगितलेले नसते, म्हणून दोन्ही घडते. तेवढे सांगायला हे पत्र थोडे लांबवले आहे. आपण जागा द्यावी ही विनंती.

आधी पासिंगबद्दलचा, म्हणजे आरटीओतल्या पुनर्नोंदणीबद्दलचा गैरसमज. दिल्ली परिसरातल्या १० आणि १५ वर्षांच्या नियमाच्या बातम्या वाचून अनेकांना वाटते की तोच नियम आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रात खासगी मोटार केवळ वयावरून बाद होत नाही. १५ वर्षे झाल्यावर फॉर्म २५ भरायचा, गाडी आरटीओत दाखवायची, पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी पूर्ण ठेवायची. तपासणीत गाडी योग्य ठरली की पुढची ५ वर्षे मिळतात. अर्ज मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो. मुदत उलटून गेली तर मोटारीला महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क चढत जाते. 'बघू पुढे' म्हणत वर्षभर दारात उभ्या ठेवलेल्या गाडीवर ६,००० रुपये नुसते असे बसतात आणि मग मालक वैतागून ती काढून टाकतो.

आता गाडीकडे येऊ. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० ही मुळात सुझुकीची गाडी. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, बिडाचा ब्लॉक आणि त्यावर ॲल्युमिनियमचे हेड. १९९३ ची झेन, १९९४ ची एस्टीम, १९९८ च्या सुमाराची सिटी यांचा तर ब्लॉकही ॲल्युमिनियमचा. ही इंजिने खरोखर फार सोसतात, पण तापणे सोसत नाहीत. आणि सोलापुरात त्यांना तापवणारी पहिली गोष्ट उन्हाळा नाही. ती आहे रेडिएटरमध्ये ओतलेले बोअरचे पाणी.

नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात गाडीला बोअरचेच पाणी मिळणार, हे समजण्यासारखे आहे. पण आपल्या भागातले बोअरचे पाणी जड. पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाला जो पांढरा थर धरतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडच्या वाटांत धरतो. पाणी फिरते, पण उष्णता सोडत नाही. शिवाय साध्या पाण्यात गंजरोधक नसल्यामुळे ॲल्युमिनियम खात जाते. होज पाइप काढला की हेडच्या ज्या तोंडावर तो बसतो तिथे खड्डे पडलेले दिसतात. मग क्लॅम्प कितीही आवळा, पाणी झिरपतच राहते.

यावर उपाय सोपा आहे. इंजिन पूर्ण थंड असताना हीटरचा खटका गरम बाजूला करा, रेडिएटरखालचा बोल्ट सोडून सगळे पाणी काढा. डिस्टिल्ड वॉटर भरून गाडी दहा मिनिटे चालू ठेवा, थंड होऊ द्या, पुन्हा काढा. तांबूस पाणी स्वच्छ येईपर्यंत हे तीन-चार वेळा करावे लागते. नंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरा. कॅनवर 'रेडी टू यूज' लिहिले असेल तर त्यात पाणी घालायचेच नाही, ते आधीच मिसळलेले असते. भरताना टोपण उघडे ठेवून गाडी चालू करा आणि अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाऊ द्या. 'आपल्याकडे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला' असे गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येते. पण निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या पाण्यापेक्षा सहा-सात अंशांनी जास्त असतो, आणि गंजरोधक त्यातच असते. आपल्याला ते या दोन गोष्टींसाठी हवे. रेडिएटरचे टोपणही तपासा. सुझुकीच्या टोपणावर साधारण ०.९ आकडा असतो, तो दाब आहे. खालचे रबर कडक झाले की दाब धरत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. दोन-तीनशे रुपयांचे टोपण बदलायला कंटाळा करून लोक रेडिएटर बदलतात.

दुसरी खोड थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचे पाणी अडवणारी झडप, काढून फेकण्याची. गाडी तापली की पहिला सल्ला हाच मिळतो. तो काढला की इंजिन वेळेवर गरम होत नाही. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या गाडीचा कॉम्प्युटर इंजिन थंड आहे असे समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धुते, ऑइलमध्ये उतरते आणि रिंगा लवकर जातात. थर्मोस्टॅट खराब आहे की नाही हे घरच्या गॅसवर कळते. त्याच्या झडपेच्या फटीत दोरा अडकवून तो पाण्याच्या भांड्यात लोंबता धरा, शेजारी थर्मामीटर सोडा, पाणी तापवा. झडप उघडली की दोरा निसटतो आणि थर्मोस्टॅट टपकन बुडाशी जातो. तो आकडा सुझुकीत ८२ च्या आसपास आणि होंडात ७८ च्या आसपास असावा. ९० पर्यंत दोरा सुटलाच नाही तर तो भाग बदला. रिकामी जागा ठेवू नका.

गाडी एकदा जोरात तापलीच असेल तर हेड उघडल्यावर नुसते नवीन गॅस्केट घालून बंद करणे म्हणजे तेच काम सहा महिन्यांनी पुन्हा करणे. सरळ पट्टी हेडवर आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालून पाहा. ०.०५ मिलिमीटरची पाती आत जात असेल तर हेड लेथवर प्लेन करूनच बसवावे. क्वालिसचे २४४६ सीसीचे टू-एल डिझेल इंजिन दणकट म्हणून नावाजलेले, पण तापल्यावर त्याच्या हेडला तडे जाऊ शकतात. तिथे हेड प्लेन करून भागत नाही. दाबाखाली तपासूनच बसवावे.

रेडिएटर आतून साफ झाला तरी बाहेरचे विसरू नये. एसी असलेल्या गाडीत कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे असतो. मधल्या बोटभर फटीत काळ्या मातीची धूळ आणि गाळपाच्या हंगामात उडणारा पाचटाचा भुसा बसून अक्षरशः गादी तयार होते. पुढून पाणी मारून ती निघत नाही, आणखी घट्ट होते. रेडिएटरचे वरचे दोन बोल्ट सोडून तो मागे कलवा आणि इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी सोडा. प्रेशर कमी ठेवा, नाहीतर पंख वाकतात.

आता होंडा सिटीचा एक रोग. त्यापायी कितीतरी चांगल्या गाड्या विकल्या गेल्या. एप्रिल-मे महिन्यात दुपारी गाडी उन्हात उभी केली, तासाभराने परत आलात, सेल्फ जोरात फिरतो पण गाडी चालू होत नाही. संध्याकाळी मात्र एका चावीत चालू. मालक आधी बॅटरी बदलतो, मग प्लग, मग पेट्रोल पंप, आणि शेवटी गाडीच. दोष बहुतेक वेळा डॅशबोर्डखालच्या काडेपेटीएवढ्या डबीत असतो. ती मेन रिले. तिच्यात दोन रिले आहेत: एक कॉम्प्युटर आणि इंजेक्टरला वीज देतो, दुसरा पेट्रोल पंपाला. आतल्या पट्टीवर पिनांभोवतीचे डाख वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने तडकतात. केबिन तापली की ती केसाएवढी भेग उघडते, निवली की पुन्हा चिकटते.

खात्री करायची पद्धत अशी. गाडी चालू होत नसतानाच चावी 'ऑन'वर आणा, सेल्फ मारू नका. चेक इंजिनचा दिवा पेटून दोनेक सेकंदांत विझतो, आणि तेवढाच वेळ मागच्या सीटखालून पंपाची बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. दिवा विझला पण गुणगुण नाही, तर आधी रिले काढा. डबीचे झाकण उचकटून पट्टी उलटी करा, भिंगातून पिनांचे डाख पाहा. दोषी पिनेभोवती काळसर गोल रेघ दिसते, बांगडीसारखी. जुना डाख पूर्ण काढून घ्या, फ्लक्स लावा, ६०/४० च्या तारेने सगळ्याच पिना नव्याने डाखा, दिसते ती एकच नाही. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर हे काम अर्ध्या तासात करतो. नवीन रिले घ्यायचा असेल तर होंडाचा भाग क्रमांक ३९४०० ने सुरू होतो.

याच गाडीत दुसरी खूण लक्षात ठेवा. चालता चालता गाडी बंद पडली आणि गाडी अजून वेगात असतानाच आरपीएमचा काटा एकदम शून्यावर गेला, तर रिलेच्या मागे लागू नका. दोष डिस्ट्रिब्युटरमधल्या इग्नायटरचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागाचा आहे. काट्याला इशारा तिथूनच मिळतो, म्हणून इग्नायटर मेला की काटाही मरतो.

पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या टायमिंग बेल्टची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण ती किलोमीटरने मोजली जाते तिथे चूक होते. लाख किलोमीटर हा आकडा रोज धावणाऱ्या गाडीसाठी आहे. जुनी गाडी वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालते. तिचा बेल्ट आकड्याने नवा आणि वयाने म्हातारा असतो. आपल्या उन्हात पाच-सहा वर्षांनी तो बदलावाच. सिटीत आणि क्वालिसमध्ये बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो आणि हजारांतले काम लाखाकडे सरकते. क्वालिसच्या मीटरमध्ये टी-बेल्टचा दिवा असतो, तो लाखाला पेटतो. पण मीटर बदललेले किंवा मागे फिरवलेले असेल तर त्या दिव्याला काही अर्थ नाही.

सिटीत वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, म्हणून बेल्ट, टेन्शनर, पंप आणि कॅम व क्रँकचे ऑइल सील एकदमच बदला. मारुतीच्या ८००, झेन आणि एस्टीममध्ये पंप बाहेरच्या फॅन बेल्टवर असतो. तिथे पंपाची सक्ती नाही, सीलची आहे. सिटीचे इंजिन घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, हे नवख्या मेकॅनिकला माहीत नसते आणि तो सवयीने पाना उजवीकडे फिरवतो. कॅम पुलीवरची 'अप' खूण वर आणून बेल्ट चढवायचा. टेन्शनरचा बोल्ट अर्धा आटा सैल करायचा, क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने कॅम पुलीचे तीन दात सरकेल इतका फिरवायचा आणि बोल्ट ४४ न्यूटन-मीटरला आवळायचा. ताण स्प्रिंग स्वतः लावते. अंगठ्याने दाबून 'बरोबर वाटतोय' म्हणणे चालत नाही. नंतर हातानेच क्रँकचे पूर्ण दोन फेरे घ्या आणि खुणा पुन्हा जुळतात का पाहा. मगच सेल्फ मारा. हेडवरचे कव्हर उघडले आहेच तर टॅपेटही (व्हॉल्व्हची फट) सेट करून घ्या: इंजिन थंड असताना इनटेक ०.१८ ते ०.२२ आणि एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ मिलिमीटर. आवाज येतो म्हणून ते याहून घट्ट करू नयेत, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात.

पेट्रोलमधल्या इथेनॉलबद्दल सध्या फार उलटसुलट बोलले जाते. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात राहून आम्ही इथेनॉलच्या विरोधात नाही. ऊस आपल्याच शेतकऱ्याचा आहे. पण २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल १९९० च्या कार्बोरेटरला (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाला) काय करते, हे समजून घेतले तर भांडण उरत नाही. दोन वेगळे परिणाम आहेत आणि लोक ते एकत्र करतात.

पहिला रबराचा. त्या काळचे पेट्रोल पाइप आणि कार्बोरेटरमधले डायफ्राम साध्या नायट्राइल रबराचे. इथेनॉलने ते आधी फुगतात, मऊ पडतात आणि वाळले की तडकतात. इंजिनाच्या डोक्यावर पेट्रोल झिरपणे म्हणजे आगीला आमंत्रण, म्हणून हे काम सगळ्यात आधी करा. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप बदलायचे, परत जाणारा पाइपही. पाइपच्या अंगावर 'एसएई जे३० आर९' छापलेले असावे, त्याचा आतला थर इथेनॉलला टिकतो. दुकानदार 'सेमच आहे' म्हणून बिनछापाचा पाइप देतो, तो घेऊ नका. एमपीएफआय गाडीत दाब अडीच-तीन बारचा असतो. तिथे दाते असलेला क्लॅम्प रबर कापतो, सपाट पट्टीचा वापरा. जुन्या टाकीत बसलेला गाळ इथेनॉल सोडवून घेते, म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन टाक्यांनंतर पेट्रोल फिल्टर बदला. 'इथेनॉलने पंप जाम झाला' अशी तक्रार येते तिथे बहुधा तुंबलेला फिल्टर असतो. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीतली दमट हवा पाणी सोडते आणि इथेनॉल ते ओढून घेते.

दुसरा परिणाम मिश्रणाचा. साध्या पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे १४.७ भाग लागतात, २० टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे जुन्या जेटमधून (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या मापाच्या भोकातून) मिळणारे मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी पातळ पडते, त्यात पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हे स्वतः सावरते. कार्बोरेटर सावरू शकत नाही. पिकअप देताना अडखळणे, चढावर धाप लागणे, प्लग पांढुरके पडणे ही त्याची लक्षणे. मुख्य जेटचे क्षेत्रफळ आठ टक्के वाढवायचे तर व्यास चारच टक्के वाढवावा लागतो. १०० क्रमांकाचा जेट असेल तर १०२.५ किंवा १०५, त्यापुढे नाही. सुईने किंवा तारेने भोक मोठे करण्याची पद्धत सोडून द्यावी, ते गोल राहत नाही आणि किती वाढले ते कोणालाच कळत नाही. जेट बदलल्यावर पन्नासेक किलोमीटर चालवून प्लग काढा. फिकट तपकिरी रंग आला की काम झाले. मायलेज काही टक्क्यांनी कमी होणारच, कारण लिटरमागे ऊर्जाच कमी आहे. त्यासाठी मेकॅनिकला दोष देण्यात अर्थ नाही.

कार्बोरेटरच्या ८०० मध्ये पेट्रोल पंप इंजिनावरच बसतो आणि कॅमवर चालतो. मे महिन्यात सात रस्त्याच्या सिग्नलवर गाडी घुटमळली की लोक पंपावर ओले फडके टाकतात. त्याने तेवढ्यापुरते भागते. पंपातून टाकीकडे परत जाणारा पाइप तुंबलेला किंवा कोणी तरी बंद करून टाकलेला असतो, तो मोकळा करा. आणि कार्बोरेटरखालचा जाड बॅकेलाइटचा तुकडा जागेवर आहे ना ते पाहा. तो उष्णता अडवण्यासाठी आहे. इंजिनकामात तो 'फालतू' म्हणून बाजूला काढला जातो.

गाडीत बदल करण्याबद्दल तरुणांना कळकळीने सांगायचे आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. आरसीवर जे लिहिले आहे आणि कंपनीने जसे बनवले आहे त्यापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. कलम १८२-अ प्रमाणे दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ८०० मध्ये एस्टीमचे इंजिन बसवून दाखवणारे बरेच आहेत. त्या गाडीचे ब्रेक, ड्राइव्ह शाफ्ट आणि पत्रा ८०० चाच राहतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी आधी इंजिन क्रमांक पाहते. इंजिन बदलायचेच असेल तर त्याच प्रकारचे घ्या, आरटीओची परवानगी आधी काढा, पावती जपा आणि नवा क्रमांक आरसीवर चढवून घ्या.

मारुतीच्या जिप्सीला मोठी चाके हा सोलापुरातला सगळ्यात आवडता बदल. मूळ टायर २०५/७० आर१५, त्याचा व्यास ६६८ मिलिमीटर. २३५/७५ आर१५ घातला की तो ७३३ होतो, जवळजवळ दहा टक्के जास्त. मीटर ८० दाखवते तेव्हा गाडी ८८ ने धावत असते. गिअर तेवढेच जड होतात, क्लच लवकर जातो आणि पुढच्या ॲक्सलवर चाके ज्यावर वळतात त्या किंगपिनच्या बेअरिंगवर ताण येतो. मग साठच्या पुढे खड्ड्यात चाक गेले की स्टिअरिंग हातातून सुटेल इतके थरथरते. लोक त्यावर स्टिअरिंग डॅम्पर बसवतात. खरे काम किंगपिनचे आहे: बेअरिंग बदला, पातळ शिम काढून घट्टपणा जमवा, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) आणि त्या टांगणाऱ्या शॅकलचे बुश नवे घाला. हे झाल्यावर मूळ मापाच्या टायरवर जिप्सी मऊ चालते, आणि शेताच्या बांधावर चढायला तिला एवढे पुरते.

उजेडासाठी १००/९० वॉटचे बल्ब घालतात, तेही टाळा. मूळ ६०/५५ वॉटच्या दोन बल्बना दहा अँपियर लागतात, १०० च्या दोघांना जवळजवळ सतरा. तीस वर्षांची वायर आणि स्टिअरिंगखालचा स्विच एवढे सोसत नाही, तो वितळतो. त्याऐवजी बॅटरीपासून फ्यूज घालून २.५ चौरस मिलिमीटरची नवी वायर ओढा, ३० अँपियरचे दोन रिले लावा, हाय आणि लो साठी एकेक. जुना स्विच फक्त रिलेला इशारा देईल. मूळ बल्बच इतके उजळतात की बदलायची गरज वाटत नाही. कायद्यालाही हरकत नाही.

आता आयात. जपानमध्ये जुन्या गाड्या चांगल्या अवस्थेत का मिळतात याला कारण आहे. तिथे नव्या गाडीची सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते, तिला शाकेन म्हणतात. त्या खर्चाला कंटाळून लोक धडधाकट गाडी विकतात. अमेरिकेत २५ वर्षांहून जुनी गाडी आणता येते, म्हणून तिकडचे व्हिडिओ पाहून आपल्या मुलांना वाटते की इथेही जमेल. आपला नियम नेमका उलटा आहे. वापरलेली मोटार तयार झाल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे हवे, मीटर किलोमीटरचे हवे, दिव्यांचा झोत डाव्या बाजूच्या वाहतुकीला साजेसा हवा आणि पुढची पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याची हमी लागते. शुल्क गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त होते. म्हणजे १९९० च्या दशकातली निसान स्कायलाइन किंवा टोयोटा सुप्रा आज जपानहून आणून एमएच-१३ वर नोंदवतो असे कोणी म्हणाले, तर त्याला एक पैसाही देऊ नका. ५० वर्षांहून जुन्या व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी २०२१ च्या नियमांनी सुरू झाली, पण १९९० ची गाडी त्यात बसत नाही.

'गाडी नाही, फक्त इंजिन किंवा पुढचा अर्धा भाग आणू' हा दुसरा मार्ग सांगितला जातो. वापरलेले सुटे भागही परवान्याशिवाय खुलेपणाने आणता येत नाहीत. विकणाऱ्याकडे सीमाशुल्काचे बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कागद) मागा, त्यावर इंजिन क्रमांक आहे का पाहा. कागद नसेल तर ते इंजिन कधीही आरसीवर चढणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क विभागाने भूतानमार्गे आलेल्या परदेशी गाड्या मालकांच्या दारातून जप्त केल्या. कागदावर त्या भारतातल्याच दाखवल्या होत्या. अशा व्यवहारात घेणाऱ्याची गाडीही जाते आणि पैसाही.

जे खरोखर जपानहून मागवण्यासारखे आहे ते म्हणजे नवे किरकोळ भाग, आणि त्यासाठी भाग क्रमांक वाचता यायला हवा. होंडात पहिले पाच आकडे भाग कोणता ते सांगतात: १४४०० टायमिंग बेल्ट, १९२०० वॉटर पंप, १५४०० ऑइल फिल्टर. मधली तीन अक्षरे गाडीच्या मॉडेलची. टोयोटातही पहिले पाच भागाचे, १३५६८ म्हणजे टायमिंग बेल्ट. सुझुकीत तो १२७६१. दुकानात 'सिटीचा बेल्ट द्या' म्हणण्याऐवजी जुन्या भागावरचा किंवा पार्ट्स कॅटलॉगमधला पूर्ण क्रमांक कागदावर लिहून न्या. १.३ आणि १.५ लिटरच्या इंजिनांचा गोंधळ तिथेच टळतो. ८०० आणि जिप्सीचे बहुतेक भाग इथेच मिळतात, आयातीचा विचारही करू नका. मिळायला अवघड आहेत ते रबरी पट्ट्या, काचेचे बीडिंग आणि डॅशबोर्डचे प्लास्टिक. म्हणून एखादी गाडी भंगारात निघालीच तर आधी हे भाग सांभाळून काढून घ्यावेत.

शेवटी दोन विनंत्या. पेट्रोल पंपांनी इथेनॉलचे प्रमाण नोझलजवळ ठळक मराठीत लिहावे. आणि शहरातल्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना कार्बोरेटर उघडून जेट बदलणे आणि रिलेची पट्टी डाखणे हातात हत्यार देऊन शिकवावे. कार्बोरेटर जाणणारे सोलापुरातले बहुतेक हात आता साठीपलीकडचे आहेत, आणि यातले अनेकजण शिकवायला आनंदाने येतील.

आपले,
जुन्या मोटारींवर काम करणारे काही मेकॅनिक व मालक,
सोलापूर